खाटा बाहेर ठेवून गेलेलं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा मेहुणा रत्नागिरीकडचा. कोकणातल्या मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं बोटीवर जातात, तसा तोही गेला आणि बरीच वर्षं एका ग्रीक मालकाच्या मालवाहू जहाजावर होता. सुट्टीवर आला की बंदरांच्या गोष्टी सांगायचा. एकदा मला म्हणाला, ‘‘दुल्हाभाई, एक बेट असं आहे की तिथं जहाज डोंगराच्या पोटात शिरतं.’’ दर्यावर्दी माणसाच्या गोष्टींना जेवढी सूट द्यायची असते तेवढी देऊन मी ते सोडून दिलं. पुढं काही वर्षांनी त्याचं जहाज दुरुस्तीसाठी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात महिनाभर थांबलं, तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं आणि ते बेट दाखवलं. त्यानं थाप मारली नव्हती.

सँटोरिनी हे त्या बेटाचं नाव. पिरेअसहून सकाळी निघालेली बोट वाटेतली बेटं घेत दुपारी तिथं पोचते. डाव्या हाताला चंद्रकोरीसारखा वळलेला उंच कडा येतो, उजवीकडं थिरासिया नावाचं छोटं बेट येतं, आणि या दोहोंमधल्या फटीतून बोट आत जाते. आत पुन्हा समुद्रच आहे. पण तो ज्वालामुखीच्या खड्ड्यात भरलेला समुद्र. सुमारे अकरा किलोमीटर लांब, सात किलोमीटर रुंद. कडे तीनशे मीटर उंच आणि खालचं पाणी काही ठिकाणी चारशे मीटरच्या जवळपास खोल, त्यामुळं इथं जहाजाला नांगर टाकण्याची सोय नाही, असं मेहुणा म्हणाला. कड्यावर थरांवर थर दिसतात. काळा, तांबडा, राखाडी आणि अगदी वर एक जाड पांढरट थर. त्याच्याही वर चुन्यानं रंगवलेली घरं, अशी कडेला बसलेली की बघणाऱ्यालाच भोवळ यावी.

तो सगळ्यात वरचा पांढरट थर एकाच उद्रेकाचा आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी इथला ज्वालामुखी फुटला आणि त्यानं इतकी राख, इतका सच्छिद्र दगड बाहेर फेकला की पोटात पोकळी होऊन वरची जमीन खाली बसली आणि समुद्र आत आला. त्याची राख क्रीट बेटावर, तुर्कस्तानात, अगदी नाईलच्या मुखाशीही सापडली आहे. नेमकं वर्ष कोणतं, यावर विद्वानांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. त्या राखेत गाडलेली ऑलिव्हच्या झाडाची एक फांदी सापडली, तिच्या तपासणीवरून इसवी सनापूर्वी १६२७ ते १६०० हा काळ २००६मध्ये सांगितला गेला. मातीच्या भांड्यांवरून आणि इजिप्तच्या राजवंशांवरून हिशेब करणारे मात्र शंभर वर्षं अलीकडं यायला बघतात. आम्ही दख्खनची माणसं, आमच्या पायाखालचा काळा दगडही लाव्ह्याचाच. पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. खाडीच्या मधोमध नेआ कामेनी नावाचं काळं बेट आहे. त्याच्यावर चालताना दगडाच्या भेगांतून वाफ येते. तिथला शेवटचा उद्रेक १९५०चा.

अशा जागेला नाव एकच असून कसं भागेल? जुने ग्रीक तिला कॅलिस्टी म्हणत, म्हणजे सर्वांत सुंदर. थेरास नावाच्या स्पार्टाच्या पुढाऱ्यानं इथं वसाहत केली म्हणून थेरा, असं हिरोडोटस सांगतो. आजही सरकारी नाव थिराच आहे. सँटोरिनी हे नाव मध्ययुगात इटालियन खलाशांनी दिलं, इथल्या संत आयरीनच्या चर्चवरून. जन्मकथाही सुंदर आहे. सोनेरी लोकर आणायला गेलेल्या आर्गो जहाजावरच्या वीरांपैकी युफेमस याला एका समुद्रदेवानं मातीचं ढेकूळ भेट दिलं होतं. पुढं स्वप्न पडलं म्हणून त्यानं ते समुद्रात टाकलं आणि त्याचं हे बेट झालं. दुसऱ्या एका दंतकथेनं मात्र बेटाला बदनाम केलं. मेल्यावर कबरीतून उठून फिरणाऱ्या मुडद्यांचं हे माहेरघर समजलं जाई. ‘सँटोरिनीला भुतं पाठवणं’ अशी ग्रीकांत म्हणच आहे. जिथं जे मुबलक आहे तिथंच ते नेऊन टाकायचं.

पण दुकानांच्या पाट्यांवर, हॉटेलांच्या नावांत आणि सहलीच्या पत्रकांत इथं एकच शब्द दिसतो, अटलांटिस. प्लेटोनं इसवी सनापूर्वी ३६०च्या सुमाराला दोन संवादांत ही गोष्ट लिहिली. एक बलाढ्य, श्रीमंत बेट होतं, ते माजलं, अथेन्सवर चालून गेलं, हरलं आणि एका दिवसात, एका रात्रीत समुद्रात बुडालं. त्या बेटाला शासन करायचं म्हणून झ्यूस सगळ्या देवांना बोलावतो आणि आता तो बोलणार, इतक्यात दुसरा संवाद अर्ध्यावर तुटतो. प्लेटोच्या गोष्टीत ज्वालामुखी नाही. बेट जिब्राल्टरच्या पलीकडं आहे आणि काळ त्याच्याही नऊ हजार वर्षं आधीचा आहे. तो नऊ हजारांचा आकडा नऊशेचा असावा, नकलताना शून्य वाढलं असावं, अशी तडजोड विसाव्या शतकात सुचवली गेली. मला ती पटत नाही. प्लेटोला इतिहास सांगायचा नव्हता. माजलं की बुडतं, एवढंच त्याला अथेन्सच्या लोकांना सांगायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं एक बेट रचलं. रचणाऱ्याचा तो हक्कच आहे. तक्रार आहे ती पुढच्यांबद्दल, ज्यांनी या गोष्टीतला दंड उचलून खऱ्या माणसांच्या माथी मारला.

ती खरी माणसं बेटाच्या दक्षिण टोकाला, अक्रोतिरी इथं राहत होती.

त्यांचा सुगावा लागण्याची हकीकत आपल्या मुंबईशी लांबून जोडलेली आहे. इथल्या राखेत चुना मिसळला की पाण्यातही घट्ट होणारा गिलावा तयार होतो. १८५९ ते १८६९ या काळात सुएझचा कालवा खणला जात होता, तेव्हा बांधकामासाठी ही राख इथून जहाजं भरभरून गेली. ज्या कालव्यानं मुंबईहून विलायतेला जाणाऱ्यांचा आफ्रिकेचा वळसा वाचवला, त्याच्यात हे बेट मिसळलेलं आहे. ती राख खणताना थिरासियाच्या खाणींत मजुरांच्या कुदळी जुन्या भिंतींना लागल्या. १८६६मध्ये पुन्हा उद्रेक झाला आणि तो बघायला आलेल्या फुके या फ्रेंच भूवैज्ञानिकानं त्या भिंतींचाही अभ्यास केला. राखेच्या खाली घरं आहेत, म्हणजे माणसं उद्रेकाच्या आधीची, हे साधं पण मोठं अनुमान तेव्हा निघालं.

नंतर शंभर वर्षं फारसं काही झालं नाही. स्पिरिदोन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्ववेत्त्यानं १९३९मध्ये एक लेख लिहून सांगितलं होतं की, क्रीटमधल्या मिनोअन संस्कृतीचा नाश थेराच्या ज्वालामुखीनं केला. स्वतःचं म्हणणं तपासायला त्याला १९६७ उजाडावं लागलं. त्याच वर्षी ग्रीसमध्ये लष्करानं सत्ता घेतली होती आणि मारिनातोस त्या राजवटीत पुरातत्त्व खात्याचा वरिष्ठ अधिकारी झाला, हेही सांगायला हवं. अक्रोतिरीत खणायला सुरुवात केली आणि थोड्याच खोलीवर भिंती लागल्या. १ ऑक्टोबर १९७४ रोजी तो उत्खननाच्या जागीच कोसळून मरण पावला. पुढचं काम ख्रिस्तोस दुमास यांनी अनेक दशकं चालवलं. गंमत अशी की मारिनातोसचा मूळ सिद्धान्त आज जसाच्या तसा कुणी मानत नाही. उद्रेकानंतरही क्रीटचे राजवाडे काही पिढ्या नांदत होते. चुकीच्या प्रश्नाच्या मागं लागून माणूस योग्य दारापाशी पोचला.

अक्रोतिरीवर आता मोठं छप्पर आहे. आधीच्या छपराचा भाग सप्टेंबर २००५मध्ये कोसळून एक ब्रिटिश प्रवासी दगावला होता. त्यानंतर ही जागा २०१२पर्यंत बंद होती. आत गेल्यावर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. मग एक गल्ली दिसते. राजवाडा नाही, गल्लीच. दुतर्फा दोन-तीन मजली घरं, खिडक्या रस्त्याकडं. वरच्या मजल्यावर शौचकूप, त्याचं पाणी भिंतीतल्या भाजक्या मातीच्या नळीतून खाली, तिथून फरसबंदीखालच्या गटारात. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत ही सोय नव्हती. कोठीत रांजणांच्या रांगा. एका प्रकारच्या डाळीचे दाणे इथं सापडले. तीच डाळ ‘फावा’ म्हणून बेटावरचे लोक आजही शिजवतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ती आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. आम्ही ती खाल्ली. वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. मेहुण्याला आवडली नाही. मला घट्ट वरणाची आठवण झाली.

भिंतींवरची चित्रं अथेन्सच्या आणि बेटावरच्याच फिरा गावातल्या संग्रहालयात आहेत. एका खोलीच्या तीन भिंतींवर लिलीची फुलं आणि हवेत चोचीला चोच लावणाऱ्या पाकोळ्या आहेत. मुष्टियुद्ध खेळणारी दोन पोरं आहेत, दोन्ही हातांत मासळीच्या माळा धरलेला कोळी आहे, केशर खुडणाऱ्या मुली आहेत. एक बाई खडकावर बसून दुखावलेलं पाऊल हातात धरून आहे. पावलातून रक्त आलेलं. त्या बाईनं मला फार वेळ अडवून ठेवलं. राजाचं चित्र मात्र मला कुठं दिसलं नाही.

आणि वानरं. निळी वानरं खडकांवरून उड्या मारतायत. ग्रीसमध्ये वानर नाही, मग ही कुठली? बरीच वर्षं उत्तर होतं, आफ्रिकेतली. २०१९-२०मध्ये वानरशास्त्राचे आणि कलेचे अभ्यासक एकत्र बसले आणि म्हणाले, यांचे हातपाय आणि शेपूट वर उचलून वळवण्याची ढब आफ्रिकेतल्या माकडांची नाही, ही भारतातल्या लंगुरांची आहे. राखाडी रंग त्या काळी निळ्यानं दाखवत. दुसऱ्या अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली, आफ्रिकाच खरी. मी शास्त्रज्ञ नाही. पण मराठी माणसानं ‘माकड’ आणि ‘वानर’ हे दोन वेगळे शब्द उगाच ठेवलेले नाहीत, आणि त्या भिंतीवरची शेपूट बघून माझ्या तोंडून ‘वानर’ हाच शब्द निघाला. सिंधूच्या मुखाकडून मेसोपोटेमिया आणि तिथून पुढं, अशा व्यापाराच्या साखळीत एखादं जित्राब किंवा नुसती त्याची ऐकीव, बघीव ओळख इतक्या लांब गेली असेल, तर त्या चित्रकाराला आपला जंगली शेजारी माहीत होता म्हणायचा.

आता मुख्य गोष्ट. अक्रोतिरीच्या राखेत माणसांचे सांगाडे सापडलेले नाहीत. इटलीतल्या पाँपेईत पळता पळता गाडली गेलेली माणसं मिळाली, तसं इथं नाही. सोनंही जवळजवळ नाही. १९९९मध्ये एका लाकडी पेटीत रानबोकडाची छोटी सोन्याची मूर्ती निघाली, तेवढीच काय ती. माणसं सोनं घेऊन गेली होती. थर वाचून जो क्रम लागतो तो असा : आधी भूकंप झाला, घरं पडली. लोक बाहेर पडले. मग काही जण परत आले, ढिगारे उपसले, धोक्याच्या भिंती दगडी घणांनी पाडल्या, वाटा मोकळ्या केल्या. एका घरात रंगकाम चालू होतं. गिलावा आणि रंग असलेली भांडी तशीच राहिली. मग ज्वालामुखीनं आधी थोडी बारीक राख टाकली. तेवढा इशारा त्यांनी ओळखला असावा. मोठा उद्रेक झाला तेव्हा गाव रिकामं होतं.

राखेत गाडलेलं लाकूड कुजून गेलं तरी त्याची पोकळी राहते. त्या पोकळीत प्लास्टर ओतलं की जुनी वस्तू उभी राहते. अशा रीतीनं खाटा मिळाल्या. ढिगाऱ्यावर, उघड्यावर, एकावर एक रचून ठेवलेल्या. खाटांच्या चौकटीला दोरी ओवलेली असायची. म्हणजे आपल्या सुंभाच्या खाटेचीच थोरली बहीण.

मी त्या खाटांसमोर उभा राहिलो आणि ऑक्टोबर १९९३मध्ये जाऊन पोचलो. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या आत-बाहेर किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही सोलापुरात. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आमच्या घराला तडा गेला, एवढंच. पण त्यानंतर कितीतरी रात्री सगळी गल्ली बाहेर झोपत होती. अब्बांनी पहिली वस्तू बाहेर काढली ती खाट. अम्मीला पाठीचं दुखणं होतं, तिला जमिनीवर झोपवत नसे. शेजारच्यांच्याही खाटा आल्या. दिवसा रस्ता मोकळा राहावा म्हणून त्या एकावर एक रचायच्या, रात्री पसरायच्या. मी नुकताच बी. ए. झालेला, रिकामा, खाटा मोजून लावणं हे माझं काम.

त्या दिवसांत चहाच्या टपरीवर एक गृहस्थ रोज सांगायचे की, त्या गावांनी काही तरी पाप केलं असणार. कोणतं पाप, ते रोज बदलायचं. ऐकणाऱ्यांत आमचेही लोक होते, त्यांचेही. मान सगळेच डोलवायचे. जवळपास दहा हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली झोपेत गेली होती. आमचा एक वर्गमित्र त्या भागातला. तो टपरीवर होता, तरी गृहस्थ थांबले नाहीत. मीही काही बोललो नाही. ते न बोललेलं अजून घशात आहे.

सँटोरिनीचा इतिहास या पापाच्या हिशेबांनी भरलेला आहे. इसवी सनापूर्वी १९७मध्ये खाडीतून नवं बेट वर आलं, तेव्हा ऱ्होड्सच्या दर्यावर्दींनी त्याच्यावर पोसायडनचं देऊळ बांधलं. ‘स्थैर्य देणारा पोसायडन’ असं त्याला म्हटलं, उकळत्या जमिनीवर! इसवी सन ७२६च्या उद्रेकाची राख दूरवर पसरली. बायझंटाईन सम्राट तिसरा लिओ म्हणाला, लोक चर्चमध्ये चित्रं पूजतात म्हणून हा ईश्वराचा कोप. चित्रं पूजणारे म्हणाले, सम्राट चित्रांच्या विरुद्ध उठला म्हणून हा कोप. राख तीच. त्यातून उठलेलं भांडण शंभर वर्षांहून जास्त चाललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेसा वूनो या डोंगरावर गेलो. उद्रेकानंतर कित्येक शतकांनी आलेल्या ग्रीकांचं गाव तिथं आहे. खडकावर पोरांची नावं कोरलेली आहेत, ग्रीक लिपीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी. वारा असा की टोपी राहत नाही. खाली दिसणाऱ्या द्राक्षाच्या वेली त्या वाऱ्यामुळंच मांडवावर चढवत नाहीत. जमिनीलगत टोपलीसारख्या गुंडाळतात.

या गावाची गोष्ट हिरोडोटसनं लिहिली आहे. सात वर्षं पाऊस नाही, एक सोडून सगळी झाडं वाळली. देवाचा कौल आला की आफ्रिकेत लिबियाला वसाहत करा. तेव्हा भावाभावांत चिठ्ठ्या टाकून एकाला पाठवायचं ठरलं. इसवी सनापूर्वी ६३०च्या सुमाराला बॅटस नावाच्या पुढाऱ्याबरोबर दोन जहाजं निघाली, जमलं नाही म्हणून परत आली, तर किनाऱ्यावरच्या त्यांच्याच माणसांनी त्यांच्यावर मारा करून त्यांना उतरू दिलं नाही. लिबियात सायरीनी इथं त्या शपथेचा शिलालेख मिळाला आहे. त्यात म्हटलंय की, सगळ्यांनी मिळून मेणाच्या बाहुल्या जाळल्या आणि म्हटलं, शपथ मोडेल तो असाच वितळून जाईल. हिरोडोटसनं हे लिहिलं म्हणून आपल्याला बॅटस ठाऊक. अक्रोतिरीच्या लोकांना हिरोडोटस नव्हता. त्यांची लिपी होती, तिचे चारदोन तुकडे सापडलेत, पण ती कुणाला वाचता येत नाही. ते कुठं गेले, क्रीटला पोचले की वाटेत बुडाले, की गावाच्या बंदरावर होड्यांची वाट बघताना राखेखाली गेले? गावाचा थोडाच भाग उकरला आहे. पलीकडच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर त्या लाटेत सापडलेल्या एका तरुणाची आणि एका कुत्र्याची हाडं मिळाल्याचं अलीकडं, २०२१च्या अखेरीस, जाहीर झालं. तो बेटावरचा नव्हता, किनाऱ्यावरचा.

ज्या बाईंच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्यांचे वडील उत्तरेकडच्या इया गावचे. ९ जुलै १९५६च्या भूकंपात ते गाव जवळपास सगळं पडलं, पन्नासहून जास्त माणसं गेली आणि नंतर बेटावरचे किती तरी लोक अथेन्सला निघून गेले. प्रवासी येऊ लागले ते त्यानंतर. आज ज्या घरांचे फोटो जगभर दिसतात, त्यांतली अनेक त्या पडझडीतून पुन्हा उभी केलेली.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५मध्ये या भागात पुन्हा हजारो धक्के बसले. सर्वांत मोठा ५.३चा. शाळा बंद झाल्या, अकरा हजारांहून जास्त माणसं बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेली. मी मेहुण्याला फोन केला, त्यानं बाईंना केला. त्या मुलाकडं अथेन्सला गेल्या होत्या. कागदपत्रं, दागिने आणि औषधं एवढंच घेतलं, म्हणाल्या. मार्चमध्ये धक्के ओसरल्यावर परत आल्या. मेहुण्यानं विचारलं, घर कसं आहे? त्या म्हणाल्या, घर ठीक आहे, मांजर मात्र जाड झालंय. शेजारी गेलाच नव्हता, तो त्याला दिवसातून तीनदा खायला घालत होता.